प्रश्न तुमचे : छोट्या बोर्डावरचा रिअल-टाइम कर्नल

मायक्रोकंट्रोलरवरच्या रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल, म्हणजे आरटीओएसबद्दल, नाशिक जिल्ह्यातल्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत. आरटीओएसचा गाभा म्हणजे कर्नल: तो प्रोग्रामचे स्वतंत्र तुकडे, म्हणजे टास्क, त्यांच्या प्रायॉरिटीप्रमाणे (प्राधान्याप्रमाणे) चालवतो. वेगळे काही म्हटले नसेल तिथे कर्नल फ्रीआरटीओएस धरावा. फंक्शनांची आणि सेटिंगांची नावे उच्चाराप्रमाणे छापली आहेत. जवळपास प्रत्येक उत्तरात आमचा एक आग्रह दिसेल: बोर्डाची एक पिन फक्त वेळ मोजण्यासाठी राखून ठेवा. वेळ न मोजता कर्नल शिकला, की कोड चालतो आहे एवढेच कळते. तो वेळेवर चालतो आहे का, हे कळत नाही.

सातपूर : डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरी आर्डुइनो उनो आहे. त्यावरच आरटीओएस शिकू की नवा बोर्ड घेऊ? सोबत काय काय लागेल?

उनोवर फ्रीआरटीओएस चालतो, पण तुम्ही लवकरच अडाल. त्यातल्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये रॅम २ केबी असते. प्रत्येक टास्कला स्वतःचा स्टॅक, म्हणजे तात्पुरती माहिती ठेवायला रॅममधली जागा, लागतो, शिवाय त्याची नोंद ठेवायला थोडी जागा जाते. चार टास्क, एक क्यू (एका टास्ककडून दुसऱ्याकडे माहिती नेणारी रांग) आणि सिरियलचे बफर एवढ्यात रॅम संपते. संपली की बोर्ड काहीही करू लागतो, आणि साध्या यूएसबी केबलवरून आत काय झाले ते पाहता येत नाही.

शिकण्यासाठी आमची पसंती न्यूक्लिओ-एफ४४६आरई या बोर्डाला आहे. कॉर्टेक्स-एम४ कोअर, १८० मेगाहर्ट्झपर्यंत वेग, ५१२ केबी फ्लॅश, १२८ केबी रॅम, आणि मुख्य म्हणजे एसटी-लिंक डिबगर बोर्डावरच आहे. कोड कुठे अडकला ते थांबवून पाहता आले नाही, तर आरटीओएस शिकणे फार कष्टाचे होते. ‘ब्लू पिल’ स्वस्त पडते. त्यातल्या एसटीएम३२एफ१०३सी८ चिपमध्ये ६४ केबी फ्लॅश आणि २० केबी रॅम असते, सुरुवातीला तेवढे पुरते. मात्र एसटी-लिंक वेगळा घ्यावा लागतो, आणि बाजारातल्या बऱ्याच ब्लू पिलवर दुसऱ्याच कंपनीची नकली चिप असते. अशा वेळी डिबगर चिपचा ओळख क्रमांक जुळत नसल्याची तक्रार करतो आणि नवशिक्या आपल्याच वायरिंगमध्ये चूक शोधत बसतो.

ईएसपी३२ मध्ये कर्नल आधीपासून चालूच असतो. वाय-फाय लागणाऱ्या कामाला तो उत्तम, पण कर्नल समजून घ्यायला दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. दोन कोअर, त्यांसाठी बदललेला फ्रीआरटीओएस आणि मागे चालणारे वाय-फायचे टास्क, यांत तुमच्या प्रयोगाचा परिणाम वेगळा काढणे अवघड जाते.

बाकी सामान : ब्रेडबोर्ड, तीन एलईडी, ३३० ओहमचे तीन रेझिस्टर, दोन पुश बटणे, जंपर वायरी, आणि यूएसबीवर चालणारा आठ चॅनेलचा, २४ मेगाहर्ट्झचा, पिनांवरचे बदल वेळेसह दाखवणारा लॉजिक अ‍ॅनालायझर. पैसे वाचवायचे म्हणून हा शेवटचा वगळू नका.

पहिला प्रयोग असा करा. एका टास्कमध्ये पिन वर करा, साधारण ३ मिलिसेकंद लागतील असे काम करा, पिन खाली करा आणि व्ही-टास्क-डिलेने १० मिलिसेकंद थांबा. अ‍ॅनालायझरवर फेरी १० ऐवजी १३ मिलिसेकंदांच्या आसपास दिसेल, कारण थांबण्याची मोजणी काम संपल्यावर सुरू होते. आता तिथे व्ही-टास्क-डिले-अनटिल घाला. फेरी १० वर येईल, कारण हे फंक्शन मागच्या जागे होण्याच्या वेळेपासून मोजते. नंतर त्याच्याहून जास्त प्रायॉरिटीचा, कधीच न थांबणारा रिकामा लूप असलेला टास्क घाला आणि पहिला टास्क पूर्ण बंद पडलेला पाहा. तिसऱ्या प्रयोगात बटणाच्या इंटरप्टमधून (चालू काम थांबवून लगेच धावणाऱ्या कोडमधून) सेमाफोर, म्हणजे थांबलेल्या टास्कला जागे करणारी खूण, द्या, त्यावर थांबलेल्या टास्ककडून एलईडी लावा आणि बटण ते एलईडी हा वेळ मोजा. बटणाचे संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात, त्यामुळे एकदा दाबल्यावर अनेक कडा दिसतील. त्यातली पहिली धरा.

अंबड : पॅकिंग मशिनवर पाकिटे मोजायला प्रॉक्सिमिटी सेन्सर एसटीएम३२ ला जोडला. टास्क नीट चालतात, पण इंटरप्टमधून सेमाफोर दिला की बोर्ड गोठतो. कधी पहिल्याच पाकिटाला, कधी शे-दोनशे पाकिटांनंतर.

लक्षणांवरून हा इंटरप्टच्या प्रायॉरिटीचा दोष दिसतो. एसटीएम३२ वर नव्याने येणाऱ्या बहुतेकांना तो गाठतोच, म्हणून सविस्तर लिहितो.

फ्रीआरटीओएसच्या टास्कमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त प्रायॉरिटी. कॉर्टेक्स-एमच्या इंटरप्टमध्ये नेमके उलट: ० सर्वांत वरचा, आणि बहुतेक एसटीएम३२ मध्ये चार बिट असल्याने १५ सर्वांत खालचा. कर्नल आपल्या याद्या (कोणता टास्क तयार, कोणता थांबलेला) बदलत असतो तेव्हा काही इंटरप्ट तेवढ्यापुरते अडवून धरतो. कोणते अडवायचे ते ‘मॅक्स सिसकॉल इंटरप्ट प्रायॉरिटी’ हे सेटिंग ठरवते. क्यूबएमएक्स या एसटीएम३२ साठी सुरुवातीचा कोड तयार करणाऱ्या साधनाने बनवलेल्या प्रकल्पात ही सीमा सहसा ५ असते. म्हणजे ५ ते १५ आकड्यांचे इंटरप्ट अडवले जातात. ० ते ४ कधीच अडवले जात नाहीत. या वरच्या इंटरप्टनी कर्नलचे एकही फंक्शन बोलवायचे नाही, असा नियम आहे.

रीसेटनंतर प्रत्येक इंटरप्टचा आकडा ० असतो. इनिशियलायझेशन हाताने लिहिले आणि आकडा द्यायचे राहिले, तर तुमचा सेन्सर कर्नलच्या याद्या अर्धवट बदललेल्या असतानाही मध्ये घुसतो आणि सेमाफोर देताना त्याच याद्यांना हात लावतो. तो क्षण केव्हा जुळेल हे पाकिटांच्या वेळेवर अवलंबून, म्हणून कधी पहिले पाकीट, कधी दोनशेवे.

दुरुस्ती अशी करा. त्या इंटरप्टला ६ किंवा ७ आकडा द्या. प्रायॉरिटी ग्रुप ४ ठेवा, म्हणजे चारही बिट मुख्य प्रायॉरिटीलाच जातील. इंटरप्टमध्ये नावाच्या शेवटी ‘फ्रॉम-आयएसआर’ (आयएसआर म्हणजे इंटरप्टचा कोड) असलेलेच फंक्शन वापरा. त्याला द्यायचे ‘हायर प्रायॉरिटी टास्क वोकन’ हे व्हेरिएबल आधी फॉल्स करा आणि शेवटी ‘पोर्ट-यील्ड-फ्रॉम-आयएसआर’ बोलवा. ही शेवटची ओळ विसरली तरी कोड चालतो, पण जागा झालेला टास्क पुढच्या टिकपर्यंत, म्हणजे कर्नलच्या घड्याळाच्या पुढच्या ठोक्यापर्यंत, ताटकळू शकतो. टिक १००० हर्ट्झ असेल तर हा उशीर १ मिलिसेकंदापर्यंत जातो, आणि तो फक्त लॉजिक अ‍ॅनालायझरवरच दिसतो.

यासोबत कॉन्फिग-असर्ट ही कर्नलची चुका पकडणारी तपासणी चालू करा. आकडा चुकलेला असेल तर कर्नल त्या ओळीवरच थांबतो आणि डिबगरमध्ये दोषाची जागा सापडते. ते बंद ठेवून काम करणे म्हणजे अंधारात शोधणे.

क्यूबएमएक्समध्ये एचएएलचा (एसटीएम३२ चे हार्डवेअर हाताळणाऱ्या लायब्ररीचा) टाइमबेस सिसटिक या कोअरमधल्या टायमरवरून काढून टिम६ सारख्या मोकळ्या टायमरला द्या, कारण सिसटिक कर्नलला लागतो. आणखी एक फसगत इथलीच: शेड्युलर (टास्क निवडून चालवणारा कर्नलचा भाग) सुरू होण्याआधी टास्क किंवा सेमाफोर तयार केला, की कर्नल वर सांगितलेले इंटरप्ट अडवूनच ठेवतो आणि शेड्युलर सुरू झाल्यावर सोडतो. मधल्या काळात एचएएल-डिले बोलवले आणि त्याच्या टायमरचा इंटरप्ट अडवलेल्यांत असला, तर कोड तिथेच अडकतो.

सेन्सर २४ व्होल्टचा असेल तर तो पिनला थेट जोडू नका. दोघांच्या मधे पीसी८१७ ऑप्टोकपलर घ्या; तो सिग्नल प्रकाशाने नेतो आणि दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवतो. सेन्सरच्या बाजूने ४.७ किलोओहम रेझिस्टर घातला की सुमारे ५ मिलिअ‍ॅम्पिअर प्रवाह जातो. कंट्रोलरच्या बाजूने ३.३ व्होल्टला १० किलोओहमचा पुल-अप (पिन वर ओढून ठेवणारा रेझिस्टर) लावा.

बायनरी सेमाफोर इथे मुळातच चुकीचा आहे. टास्क जागा होण्याआधी दोन पाकिटे गेली तर तो एकच नोंदवतो. काउंटिंग सेमाफोर किंवा टास्क नोटिफिकेशन वापरा. आणि फक्त मोजायचेच असेल, तर सेन्सर टायमरच्या बाह्य क्लॉक इनपुटला द्या. हार्डवेअर मोजेल, टास्कने अधूनमधून आकडा वाचावा. जिथे हार्डवेअर बिनचूक करते तिथे कर्नलला कामाला लावू नये, असे आमचे ठाम मत आहे.

पिंपळगाव बसवंत : द्राक्षबागेत ईएसपी३२ वर पानांचा ओलावा, तापमान आणि आर्द्रता मोजतो, ठिबकचा व्हॉल्व्ह चालवतो आणि मोडेमवरून माहिती पाठवतो. सगळे एकाच लूपमध्ये आहे. रेंज गेली की मोडेम वाट पाहत बसतो आणि व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. टास्क कसे पाडू?

तुमची अडचण आरटीओएससाठी अगदी योग्य आहे. टास्क पाडताना यंत्राच्या भागांची यादी करू नका. कोण कशाची वाट पाहतो आणि कोणाला उशीर चालत नाही, हे आधी लिहून काढा. डाऊनी-भुरी या द्राक्षांवरच्या रोगांच्या अंदाजासाठी ओलाव्याची नोंद एक मिनिट उशिरा झाली तरी बिघडत नाही. माहिती अर्ध्या तासाने पोहोचली तरी चालते. व्हॉल्व्ह मात्र ठरल्या वेळीच बंद झाला पाहिजे.

व्हॉल्व्ह टास्कला प्रायॉरिटी ५ द्या. तो दर १०० मिलिसेकंदांनी जागा होतो, घड्याळ पाहतो, गरज असेल तर पिन बदलतो आणि झोपतो. मोडेम, मेमरी कार्ड किंवा सिरियल यांपैकी कशालाही त्याने हात लावायचा नाही. सेन्सर टास्कला ३: दर मिनिटाला वाचन करून क्यूमध्ये टाकतो. मोडेम टास्कला २: क्यूमधून घेतो, पाठवतो, वाट पाहतो, पुन्हा पाठवतो. क्यू ६० नोंदींची ठेवा, म्हणजे रेंज तासभर गेली तरी माहिती राहील. सेन्सर टास्कने क्यूत टाकताना थांबण्याचा वेळ शून्य द्यावा. क्यू भरलेली असेल तर सर्वांत जुनी नोंद काढून नवी टाकावी. तिथे थांबला, तर मोडेमचा आजार त्यालाही लागेल.

मोबाइलवरून येणाऱ्या आज्ञेचा आराखडाही बदला. ‘चालू’ आणि ‘बंद’ अशा दोन आज्ञा ठेवल्या आणि ‘बंद’ पोहोचलीच नाही, तर पाणी वाहत राहते. आज्ञा ‘४० मिनिटे चालू’ अशीच असावी, आणि कमाल मर्यादा व्हॉल्व्ह टास्कमध्ये पक्की लिहिलेली असावी.

आता ईएसपी३२ चे खाचखळगे. ईएसपी-आयडीएफमध्ये, म्हणजे निर्मात्याच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर संचात, टिक मुळात १०० हर्ट्झ असते, म्हणजे एक टिक १० मिलिसेकंदांची. तिथे ५ मिलिसेकंदांचे टिकमध्ये रूपांतर केले की उत्तर शून्य येते आणि टास्क झोपतच नाही. त्या कोअरवरच्या आयडल टास्कला (दुसरे काम नसताना चालणाऱ्या टास्कला) वेळ मिळत नाही आणि साधारण ५ सेकंदांनी टास्क वॉचडॉगचा, म्हणजे अडलेल्या टास्कवर नजर ठेवणाऱ्या टायमरचा, इशारा छापला जातो. ईएसपी३२ च्या आर्डुइनोत टिक १००० हर्ट्झ असल्याने तोच नमुना कोड तिथे चालतो, इथे अडतो. स्टॅकचा आकडा ईएसपी३२ वर बाइटमध्ये द्यायचा असतो. मूळ फ्रीआरटीओएसमध्ये तो वर्डमध्ये असतो (एसटीएम३२ वर एक वर्ड म्हणजे ४ बाइट). एसटीएम३२ वरचा ५१२ इथे तसाच लिहिला तर चतुर्थांश स्टॅक मिळतो. सेन्सर टास्कला ४०९६ आणि मोडेम टास्कला ८१९२ बाइटपासून सुरुवात करा.

पानांच्या ओलाव्याचा सेन्सर अ‍ॅनालॉग असेल तर तो एडीसी-१ च्या (अ‍ॅनालॉग पातळी आकड्यात वाचणाऱ्या पहिल्या भागाच्या) पिनांवर, म्हणजे ३२ ते ३९ मध्ये घ्या. वाय-फाय चालू असताना एडीसी-२ भरवशाचा राहत नाही. व्हॉल्व्हसाठी ०, २, ५, १२ आणि १५ या पिना टाळा. बोर्ड सुरू होताना चिप त्यांची पातळी वाचते. व्हॉल्व्ह वीज गेल्यावर आपोआप मिटणारा घ्या आणि त्याच्या ट्रान्झिस्टरला खाली ओढणारा १० किलोओहमचा रेझिस्टर लावा, म्हणजे रीसेटच्या वेळी तो उघडणार नाही. २जी मोडेम प्रसारणाच्या क्षणी २ अ‍ॅम्पिअरपर्यंत प्रवाह ओढतो. त्याच्या सप्लायजवळ १००० मायक्रोफॅरडचा कमी ईएसआरचा (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर नसेल, तर ईएसपी३२ ब्राउनआउट (व्होल्टेज खाली पडल्याचा दोष) दाखवत रीसेट होत राहील, आणि दोष कर्नलवर येईल.

नाशिकरोड : तीन-चार तास सगळे चालते आणि मग हार्डफॉल्ट. दर वेळी वेगळ्याच ठिकाणी. स्टॅक नेमका किती द्यावा?

हार्डफॉल्टचे, म्हणजे प्रोसेसर पुढे जाऊच शकत नाही अशा चुकीचे, ठिकाण दर वेळी वेगळे असेल तर पहिला संशय स्टॅकवरच घ्या. ‘चेक फॉर स्टॅक ओव्हरफ्लो’ २ वर ठेवा आणि त्याचे हुक फंक्शन (दोष सापडल्यावर कर्नल बोलावतो ते) लिहा. यात कर्नल टास्क बदलताना स्टॅकच्या टोकाचे १६ बाइट तपासतो. तिथे आधी भरलेला ए५ हा नमुना पुसला गेला असेल तर हुक बोलावला जातो. पण एखादा मोठा अ‍ॅरे त्या १६ बाइटांवरून उडी मारून पलीकडे लिहू लागला, तर हे तपासणे चुकते.

आकडा ठरवायचा तो मोजून. एसटीएम३२ वर प्रत्येक टास्कला आधी ५१२ वर्ड, म्हणजे २ केबी द्या. सगळ्या वाटा चालतील असे पाहा: चुकीचा डेटा, तुटलेली केबल, भरलेली क्यू. दिवसभर चालवून ‘स्टॅक हाय वॉटर मार्क’ वाचा. तो उरलेली सर्वांत कमी जागा सांगतो, इथे वर्डमध्ये. प्रत्यक्ष वापराच्या वर २५-३० टक्के ठेवा. स्प्रिंटएफमध्ये दशांश संख्या छापणे स्टॅक फार खाते. तापमान शंभरपट करून पूर्णांकात छापा. फ्लोटिंग पॉइंट वापरणाऱ्या टास्कला जास्त द्या: इंटरप्ट येताना हार्डवेअर जे रजिस्टर स्टॅकवर ठेवते, त्यांना ३२ ऐवजी १०४ बाइट लागतात, आणि टास्क बदलताना कर्नल आणखी ६४ बाइट ठेवतो. इंटरप्टचा स्वतःचा कोड मात्र वेगळ्या मुख्य स्टॅकवर चालतो.

स्टॅक पुरेसा निघाला तर क्यू पाहा. क्यू मजकुराची प्रत करते. तुम्ही स्थानिक बफरचा पॉइंटर (पत्ता) पाठवला असेल, तर प्रत पॉइंटरची होते. फंक्शन संपले की बफर जातो आणि घेणारा टास्क भलतेच वाचतो.

पंचवटी : फ्रीआरटीओएस विकायच्या वस्तूत वापरला तर पैसे द्यावे लागतात का? की झेफिर शिकू?

नाही. २०१७ पासून तो एमआयटी परवान्याखाली आहे; परवान्याचा मजकूर सोबत ठेवला की झाले. झेफिर हा लिनक्स फाउंडेशनचा २०१६ मध्ये सुरू झालेला आरटीओएस प्रकल्प आहे आणि त्याचा अपाचे २.० परवानाही विक्रीला आडवा येत नाही. ब्लूटूथ, नेटवर्किंग आणि अनेक बोर्डांना एकच कोड हवा असेल तर तो सरस. पण त्यात डिव्हाइसट्री (बोर्डाच्या हार्डवेअरचे वर्णन) आणि केकॉन्फिग (कोणते भाग घ्यायचे त्याची सेटिंगे) आधी समजून घ्यावे लागतात, म्हणून दुसरा कर्नल म्हणून शिका.

सिन्नर : एकाच आय-टू-सी बसवर (दोन तारांच्या सामायिक जोडणीवर) ईईप्रॉम (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) आणि दाबाचा सेन्सर आहे. दोन टास्कमध्ये बायनरी सेमाफोर लावला, तरी वरच्या प्रायॉरिटीचा सेन्सर टास्क मध्येच बराच वेळ अडकतो.

खालचा टास्क बस धरून आहे, वरचा तिची वाट पाहतो आहे, आणि तिसराच मधल्या प्रायॉरिटीचा टास्क खालच्याला चालू देत नाही. हे प्रायॉरिटी इन्व्हर्जन. जुलै १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक याच कारणाने वारंवार रीसेट होत होता. त्याच्या व्हीएक्सवर्क्स कर्नलमध्ये अडलेल्या म्यूटेक्सला (एका वेळी एकाच टास्कला साधन देणाऱ्या कुलपाला) प्रायॉरिटी इनहेरिटन्सचा, म्हणजे कुलूप धरलेल्या टास्कला वाट पाहणाऱ्याची प्रायॉरिटी तात्पुरती देण्याचा, पर्याय बंद होता. तो पृथ्वीवरून चालू करून दोष काढला.

फ्रीआरटीओएसमध्ये बायनरी सेमाफोरला इनहेरिटन्स नसतो, म्यूटेक्सला असतो. म्हणून इथे म्यूटेक्स घ्या. इंटरप्टमधून मात्र तो वापरू नका. एवढ्याने मधला टास्क बाजूला होईल, पण बस धरलेला वेळ राहतोच. २४सी२५६ या ईईप्रॉममध्ये ६४ बाइटचे पान लिहिताना पत्त्यासह ६७ बाइट जातात. बाइटला ९ बिट धरले तर १०० किलोहर्ट्झवर सुमारे ६ मिलिसेकंद झाले. त्यानंतर ईईप्रॉम आत लिहायला ५ मिलिसेकंदांपर्यंत घेते. त्या वेळात म्यूटेक्स धरून ठेवू नका. सोडा आणि पुन्हा घ्या. बस ४०० किलोहर्ट्झवर नेली की ६ चे दीड होतात. म्यूटेक्स घेताना अनंत काळ थांबू नका. २० मिलिसेकंदांची मर्यादा घाला आणि ती ओलांडली तर दोष नोंदवा.

ओझर : सगळे टास्क वेळेत पूर्ण होतील हे आधी कसे ठरवायचे?

प्रत्येक टास्कचा सर्वांत वाईट चालण्याचा वेळ त्याच्या आवर्तनाने (किती वेळाने तो पुन्हा चालतो त्याने) भागा आणि बेरीज करा. समजा एका टास्कला दर १० मिलिसेकंदांना २ लागतात, दुसऱ्याला दर ५० ला १० आणि तिसऱ्याला दर २०० ला ३०. बेरीज ५५ टक्के. लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ मध्ये सिद्ध केले की, टास्क एकमेकांची वाट पाहत नसतील आणि ज्याचे आवर्तन लहान त्याची प्रायॉरिटी जास्त असेल, तर तीन टास्कला ७८ टक्क्यांपर्यंत वेळा नक्की पाळल्या जातात. टास्क वाढतील तशी ही मर्यादा ६९ टक्क्यांकडे उतरते. तिच्या वर गेलात तर लगेच चुकेल असे नाही, पण हमी संपते आणि तपशिलात हिशेब करावा लागतो. म्यूटेक्सवर थांबण्याचा वेळ आणि इंटरप्टचा वेळ वेगळा धरा.

सर्वांत वाईट वेळ कोड वाचून काढू नका. टास्क सुरू होताना पिन वर आणि संपताना खाली करून मोजा. मोजताना वरचे टास्क आणि इंटरप्ट बंद ठेवा, नाहीतर त्यांचा वेळही यात मिसळेल. चालू कामात सेटिंग फ्लॅशमध्ये साठवत असाल तर तीही वेळ मोजा. एफ४४६ मध्ये १२८ केबीचा सेक्टर पुसायला एक-दोन सेकंदही लागतात, आणि तोवर फ्लॅशमधून चालणारा सगळा कोड, कर्नलसह, थांबतो. अशा बोर्डावर चालू मशिनमधल्या नोंदी बाहेरच्या ईईप्रॉममध्ये किंवा एफरॅम या तशाच टिकणाऱ्या मेमरीतच ठेवा.